मढ्याच्या टाळूवरचे लोणी

मृत्यू हा थट्टेचा विषय नव्हे, आणि ज्या समाजाचा देवळाशी नित्याचा संबंध आहे अशा समाजात तर मुळीच नव्हे, असा एक आक्षेप आमच्या कानी वारंवार येतो. आक्षेप घेणारी माणसे सज्जन असतात, वडीलधारी असतात, आणि त्यांचे बोलणे ऐकताना मान आपोआप डोलते. तथापि मान डोलणे निराळे आणि बुद्धीस पटणे निराळे. हा आक्षेप आम्हांस पटत नाही. इतकेच काय, पण समाजातील एका अत्यंत हीन धंद्यास जर कोणाचे संरक्षण लाभत असेल, तर ते ह्याच सज्जन आक्षेपाचे लाभते, असे आमचे मत आहे.

निमित्त झाले एका इंग्रजी कादंबरीचे. इव्हलिन वॉ याची 'द लव्हड वन' ही छोटेखानी कादंबरी १९४८ साली प्रसिद्ध झाली. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाच्या वाचनालयासाठी ग्रंथखरेदीची यादी होत असता तिचे नाव निघाले, आणि 'स्मशानाच्या धंद्यावरची विनोदी गोष्ट देवाच्या दारात कशाला?' असे म्हणून ते तत्काळ खोडले गेले. खोडणाऱ्यांनी पुस्तक वाचले नव्हते. (न वाचता खोडणे ही आमच्या ग्रंथसमित्यांची जुनी विद्या आहे.) म्हणून त्या पुस्तकात आहे तरी काय, ते आधी सांगतो.

वॉ हा १९४७ साली आपल्या एका कादंबरीच्या चित्रपटाची बोलणी करण्यासाठी हॉलिवुडला गेला होता. बोलणी फिसकटली, पण तेथील फॉरेस्ट लॉन ही अवाढव्य दफनभूमी पाहून त्यास निराळाच विषय गवसला. कादंबरीतल्या दफनभूमीत मेलेल्यास मेलेला म्हणण्याची सोय नाही. तो 'प्रिय व्यक्ती', आणि त्याच्यामागे रडणारे ते 'प्रतीक्षा करणारे'. प्रेताच्या गालाला रंग, अंगाला पोशाख, ओठांवर मागणीप्रमाणे हास्य. आणि ज्या कोपऱ्यात पुरायचे त्या कोपऱ्याप्रमाणे दर. कथानायक डेनिस बार्लो हा तरुण इंग्रज कवी. पोटासाठी पाळीव कुत्र्यामांजरांच्या स्मशानात नोकरी करतो. मोठ्या दफनभूमीत प्रेतांची रंगभूषा करणारी एमी त्याच्या मनात भरते, आणि तेथला मसाला भरण्याच्या कामातला वरिष्ठ कारागीर जॉयबॉय याच्याही. दोघांच्या ओढाताणीत सापडलेली ती मुलगी अखेर जॉयबॉयच्याच कामाच्या खोलीत जीव देते. अब्रूच्या भीतीने गारठलेला जॉयबॉय डेनिसकडे येतो. डेनिस तिचे प्रेत जनावरांच्या भट्टीत गुपचूप जाळून देण्याचे कबूल करतो आणि त्याबद्दल मायदेशी परतण्यापुरता पैसा काढून घेतो. मेलेल्या कुत्र्याच्या मालकास दर वर्षी जे स्मरणपत्र धाडण्याची तेथे रीत असते, तेच एमीच्या नावाने जॉयबॉयला जात राहील, अशी व्यवस्थाही तो करून ठेवतो.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर ह्या कथेत अपमृत्यू दडवणे, प्रेताची बेकायदा विल्हेवाट लावणे आणि अब्रूच्या भीतीवर पैसा काढणे इतके गुन्हे सहज मोजता येतात. परंतु ज्या गुन्ह्यावर वॉने सगळी कादंबरी उभी केली तो कोणत्याही दंडविधानात सापडत नाही. शोकाने ज्याची बुद्धी बधिर झाली आहे अशा माणसासमोर दरपत्रक धरणे, हा तो गुन्हा.

ही गोष्ट परक्या देशातली, दफन करणाऱ्या लोकांतली, आम्हां अग्नी देणारांस तिचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मराठी भाषाच देते. 'मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे' हा वाक्प्रचार कोणा विलायती लेखकाने आम्हांस शिकवलेला नाही. ज्या आजीबाईंच्या तोंडी तो खेळला त्यांनी फॉरेस्ट लॉन पाहिले नव्हते. त्यांनी गावचा मसणवटा पाहिला होता आणि तेथे घुटमळणारी माणसेही पाहिली होती. वॉने जे एका कादंबरीत सांगितले ते त्यांनी चार शब्दांत सांगितले, आणि त्यातला विनोद इतका काळा आहे की नीट कल्पना करू गेल्यास घास घशाखाली उतरणार नाही.

साहित्यातही हा विषय आम्हांस नवा नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' ह्या कथेतला भीमा हा मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करणारा मजूर. खाण बंद पडते, आणि तो चितेची राख चाळून तीत सोन्याचा कण शोधू लागतो. शेवटी एका प्रेताच्या दातांत त्याची बोटे अडकतात. तो बोटे गमावतो आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते. प्रेमचंदांच्या 'कफन' ह्या कथेत बापलेक सुनेच्या कफनासाठी मिळालेला पैसा दारूत उडवतात. अनंतमूर्तींच्या 'संस्कार' ह्या १९६५ सालच्या कानडी कादंबरीत अग्रहारात प्रेत पडून आहे, संस्कार कोणी करावा हा वाद चालू आहे; आणि मृताच्या रखेलीने अंगावरचे सोने खर्चासाठी पुढे ठेवताच त्या वादाचा रंग कसा पालटतो, हे आमच्या कोंकणी वाचकांपैकी ज्यांचे बालपण मठांच्या छायेत गेले त्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. आणि सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' १९७४ साली रंगभूमीवर आले, त्यात तर मेलेला भाऊराव स्वतःच उठून कीर्तन करतो. आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावे, असा त्याचा हट्ट. कीर्तन हे ज्या समाजाचे देवळातले शिक्षण, त्या समाजाने प्रेताच्या तोंडचे कीर्तन ऐकून पोट धरून हसावे, यात अधर्म कोणता घडला, हे आक्षेपकांनी आम्हांस दाखवून द्यावे.

कादंबरीकार अतिशयोक्ती करतात, हा आणखी एक आरोप. आम्ही वर्तमानपत्र वाचतो, म्हणून आम्हांस तो हास्यास्पद वाटतो. २०२१ सालच्या मे महिन्यात, साथीने माणसे पटापट मरत असता, उत्तर प्रदेशातील बागपत येथे पोलिसांनी एक टोळी पकडली. प्रेतांवरची वस्त्रे स्मशानातून उचलायची, धुऊन इस्त्री करायची, त्यांवर एका कंपनीची नवी चिठ्ठी डकवायची आणि दुकानांत विकायची, असा तिचा व्यवसाय होता, असे पोलिसांनी सांगितले. जप्त मालात ५२० चादरी आणि १२७ कुडते निघाले. म्हणजे एकाच चादरीने दोन-दोन, तीन-तीन मढी झाकली असण्याचा संभव आहे. वॉला हे सुचले असते तर प्रकाशकाने 'जरा अति होते' म्हणून कापून टाकले असते.

त्याच वर्षी ३ जानेवारीस गाझियाबादजवळच्या मुरादनगर येथे जे घडले ते लिहिताना विनोदाची लेखणी आम्ही खाली ठेवतो. एका वृद्धाच्या अंत्यसंस्कारास जमलेली माणसे पावसाचा आडोसा म्हणून स्मशानातील नव्या छपराखाली उभी राहिली, आणि ते छप्पर त्यांच्या अंगावर कोसळले. चोवीस-पंचवीस माणसे गेली. पालिकेचे अधिकारी आणि ठेकेदार यांना अटक झाली, आणि कामाच्या रकमेतून किती टक्के वर जातात याची बोलवा चौकशीत झाली. पोचवायला गेलेल्यांस स्मशानानेच ठेवून घेतले.

मुंबईचेही एक प्रकरण आहे. साथीच्या काळात मृतांसाठी घेतलेल्या पिशव्या, ज्या अन्यत्र २,००० रुपयांस दिल्या जात होत्या, त्या महापालिकेने ६,८०० रुपयांस घेतल्या, असा आरोप सक्तवसुली संचालनालयाने २०२३ साली केला. हा आरोप आहे, निर्णय नव्हे; आणि ह्या बाबतीत आम्ही मुद्दाम सावध राहतो. कारगिलच्या युद्धानंतर हुतात्म्यांसाठी घेतलेल्या अॅल्युमिनियमच्या शवपेट्यांवरून 'कफनचोर' ही घोषणा संसदेपासून पानपट्टीपर्यंत दुमदुमली. आणि २०१३ साली विशेष न्यायालयाने त्या खटल्यातील आरोपींस पुराव्याअभावी मुक्त केले. मोठ्या माणसांविरुद्ध ओरडणे आमच्या लोकांस फार आवडते. ओरडण्यास पैसे पडत नाहीत, आणि ओरडणाऱ्यास स्वतःच्या खिशातून काल काय गेले ते आठवावे लागत नाही.

आमचा रोख त्या काल गेलेल्या पैशाकडे आहे.

आम्ही राहतो तो गौलीगुडा. पाच-दहा मिनिटे चालले की बेगम बाजार, आणि मुसीच्या काठाने वर गेले की पुरानापूल. बेगम बाजारच्या घाऊक पेठेत आमचा मराठी गृहस्थ जेव्हा लग्नाची भांडी किंवा वर्षाची हळद-मिरची घ्यायला जातो, तेव्हा त्याचे रूप पाहण्यासारखे असते. चार दुकाने फिरतो, मारवाड्याशी हिंदीत, कोमट्याशी तेलुगूत आणि बायकोशी मराठीत सल्लामसलत करतो, तराजूच्या काट्यावर डोळा ठेवतो, आणि दोन रुपयांसाठी पायरी उतरून पुन्हा चढतो. हाच गृहस्थ चार दिवसांनी पुरानापुलाच्या वाटेने खांद्यावर वडिलांना घेऊन जातो तेव्हा एकदाही 'किती?' असे विचारीत नाही. कोणीतरी हात पुढे करतो आणि हा पाकीट काढतो. दुःख तर असतेच; पण त्याहून बळकट अशी एक लाज असते. बापाच्या चितेचा भाव करणारा मुलगा म्हणून चौघांत नाव निघेल, ही ती लाज. हेच त्या धंद्याचे भांडवल. दुकान नाही, माल नाही, गुंतवणूक नाही. गिऱ्हाइकाची लाज तेवढी पुरते.

कोणा एका रुग्णालयाकडे किंवा स्मशानाकडे आम्ही बोट दाखवीत नाही. शहर कोणतेही घ्या, पायऱ्या त्याच. शवागाराचे दार उघडणारा पहिला. प्रेत ढकलगाडीवर ठेवणारे दुसरे. दारातल्या शववाहिकांचा एक गट असतो, तो बाहेरची गाडी फाटकाच्या आत येऊ देत नाही आणि चार मैलांचे चाळीस मैल करतो. मर्तिकाच्या सामानाचा दुकानदार बांबू, सुतळी, मडके, गोवऱ्या, कापूर हे एकेक न विकता 'सगळे मिळून' विकतो. पुढे लाकूड. ते ओले आहे की सुके हे विचारण्याची शुद्ध कोणास? मग सरण रचणारे, मग तिसऱ्या दिवशी अस्थी राखून ठेवणारा, आणि शेवटी मृत्यूचा दाखला 'लवकर' काढून देणारा मध्यस्थ. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यान्वये मृत्यूची नोंद मुदतीत, म्हणजे २१ दिवसांत, केल्यास शुल्क नाही, आणि खबर देणाऱ्यास नोंदीचा उतारा फुकट मिळावयाचा असतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूस एवढे गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्याच बाजारात नसेल.

ह्यात गेलेला पैसा, समजा, गेला. पण पैशाबरोबर दुसरेही काही जाते, ते आम्ही आमच्या व्यवसायात पाहिले आहे. दोन भावांमधील वाटणीचा एक दावा होता. आम्ही थोरल्याच्या बाजूने उभे होतो. वडिलांच्या अंत्यविधीचा सगळा खर्च थोरल्याने केला होता आणि तो सामाईक मिळकतीतून वजा व्हावा, अशी त्याची न्याय्य मागणी होती. पुरावा म्हणून त्याने जे दाखल केले ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे एक पान. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले: गेट, उचलणारे, गाडी, लाकूड, पुन्हा लाकूड, किरकोळ, किरकोळ, साहेब. धाकट्याच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारले, 'हे साहेब कोण?' थोरल्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी कोणीतरी 'साहेबांचे द्या' म्हणाले होते आणि त्याने दिले होते. पावती एकाचीही नव्हती. भर न्यायालयात, बापाच्या सरणातून पैसे काढणारा मुलगा असा त्याच्यावर आळ आला. आणि तो घेणारा त्याचा सख्खा भाऊ होता. दावा पुढे तडजोडीने मिटला. पण आता त्या वडिलांचे वर्षश्राद्ध एकाच तिथीला, एकाच गल्लीतल्या दोन घरांत, दोन भटजींकडून होते. लोणी तिसऱ्याच कोणी खाल्ले, आणि चोर ठरले घरचे.

हे असे का होते? ह्या बाबतीत आमचा कायदा एका डोळ्याने फार उदार आणि दुसऱ्या डोळ्याने आंधळा आहे. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे अंत्यविधीचा खर्च ही एकत्र कुटुंबाची 'कायदेशीर गरज' मानली जाते. तीपायी कर्ता मिळकत गहाण टाकू शकतो. भारतीय वारसा कायदा, १९२५, याचे कलम ३२० सांगते की मृताच्या मिळकतीतून त्याच्या योग्यतेस साजेसा, वाजवी असा अंत्यविधीचा खर्च सगळ्या कर्जांच्या आधी भागवावा. सावकार मागे, स्मशान पुढे. तत्त्व उदात्त आहे. पण वाजवी म्हणजे किती, हे ठरवण्यास काही कागद लागतो की नाही? सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९९५ साली आणि आश्रय अधिकार अभियान प्रकरणात २००२ साली म्हटले की, घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील प्रतिष्ठा माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या देहासही लाभते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मे २०२१ मध्ये मृतांच्या हक्कांविषयी सरकारांस सल्ला दिला, आणि शववाहिकांचे दर नियंत्रित करावेत असेही त्यात सुचवले. सल्लाच तो, ऐकलाच पाहिजे असे नाही.

आता दुसरा डोळा. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यास एक तिसरी अनुसूची जोडलेली आहे. ज्या गोष्टी वस्तूचाही पुरवठा नव्हेत आणि सेवेचाही नव्हेत, त्यांची ती यादी. तिच्यात अंत्यसंस्कार, दफन, दहन, शवागार आणि मृताची वाहतूक ही सर्व आहेत. मढ्यावर कर नको हा हेतू चांगला, आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की, ज्या बिलामुळे खात्यास काही मिळत नाही ते बिल कोणी मागतही नाही. वजनमापाचा कायदा आहे, तो २००९ चा. म्हणून लाकूड किलोने न विकता 'एक सरण' अशा मापाने विकतात, आणि सरणाला तराजू नसतो. प्रेताच्या अंगावरील अंगठी लांबवणाऱ्यास नव्या न्यायसंहितेत ३१५ वे कलम आहे, प्रेताची विटंबना करणाऱ्यास ३०१ वे आहे. पण मृताच्या मुलास लाजवून चौपट घेणाऱ्यास कोणते कलम लावावे, असे आम्हांस एका फौजदारांनी विचारले तेव्हा आम्ही खंडणीच्या कलमावरून फिरत फिरत फसवणुकीच्या कलमापर्यंत आलो. आणि तेवढ्यात त्यांचा चहा संपला.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आमचा राग सरणाच्या धगीत उभा राहून बांबूने लाकडे सारणाऱ्या माणसावर काढू नये. तेलुगूत त्यास काटिकापरी म्हणतात. ज्याच्या हातून शेवटची सेवा घ्यायची त्याच्या हातचे पाणी आमच्या वाडवडिलांनी घेतले नाही. त्यास वस्तीबाहेर ठेवले, आणि त्याचा पगार किती, मिळतो की नाही, हे कधी विचारले नाही. अर्ध्या तासात अंघोळ करून आपण मोकळे होतो. तो तेथेच असतो. त्याने पन्नास मागितले की 'ह्यांची हाव तरी केवढी' म्हणणारा गृहस्थ, छपराच्या ठेक्यातले टक्के खाणाऱ्यास सत्काराच्या हारातली मोठी शेवंती घालतो. ब्राह्मणांतही हीच तऱ्हा. मर्तिक चालवणाऱ्या भटजीला आम्ही किरवंत म्हणून पंक्तीबाहेर बसवले. प्रेमानंद गज्वी यांनी त्याच नावाच्या नाटकात त्याचे दुःख मांडले आहे. ज्यांना समाजाने उजेडात बसू दिले नाही त्यांच्याकडून उजेडातला हिशेब मागण्याचा अधिकार, त्यांस नीट वेतन दिल्यावाचून, समाजाला पोचत नाही.

आणि तरीही हिशेब असावाच लागतो. आक्षेपकांस पुराणाचा आधार हवा असेल तर तो आम्ही देतो. हरिश्चंद्राची कथा त्यांनी कीर्तनात शेकडो वेळा ऐकली असेल. काशीच्या स्मशानात डोंबाचा चाकर होऊन राहिलेला राजा. समोर स्वतःची पत्नी, तिच्या मांडीवर स्वतःचा मेलेला मुलगा. आणि राजा तिच्याकडे स्मशानाचे देणे मागतो. तिच्याजवळ काही नाही, म्हणून ती नेसूचे वस्त्र फाडू लागते. बुवा येथे गहिवरतात, श्रोते डोळे पुसतात, आणि आरतीचे ताट फिरते. पण ह्या प्रसंगातली एक बाब आमच्या वकिली कानास नेहमी खटकते, ती कोणी बोलून दाखवीत नाही. ते देणे ठरलेले होते. मालकाने सांगितलेला दर होता, तो पोटच्या मुलासाठीही माफ होत नव्हता; आणि म्हणूनच परक्यासाठी वाढतही नव्हता. गाडी कोणती, घर कोठले, नोकरी सरकारी की खाजगी, असे हरिश्चंद्राने तारामतीला विचारले नाही. आज स्मशानाच्या दारात पहिला प्रश्न येतो तो 'कोठून आलात?' हा, आणि उत्तर येईपर्यंत आकडा ठरलेला नसतो.

अमेरिकेतही नेमके हेच आढळले. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट ट्रुहाफ्ट नावाचे एक वकील कामगार संघांची कामे पाहत. त्यांच्या असे लक्षात आले की कामगार मेल्यावर त्याच्या विधवेस संघाकडून जो पैसा मिळे, बरोबर तेवढ्याच रकमेचे अंत्यविधीचे बिल होई. जणू मृत्यूला विधवेच्या बँकेतले पुस्तक वाचता येत होते. त्यांची पत्नी जेसिका मिटफर्ड हिने तो धागा धरला आणि १९६३ साली 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' हे पुस्तक लिहिले. तेही हसवणारे आहे. वॉ हसला तो त्या धंद्याच्या गचाळ अभिरुचीला. मिटफर्डबाईंनी त्याच धंद्याचे बिल ओळ-ओळ वाचून दाखवले. सज्जनांनी तेव्हाही 'मृत्यूची थट्टा' म्हणून कानांवर हात ठेवले. परंतु लोक एकदा हसले की लाजेनासे होतात, आणि लाजेनासे झाले की भाव विचारतात. १९८४ साली तेथील व्यापार आयोगाचा नियम अमलात आला: अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याने विचारणाऱ्याच्या हाती वस्तुवार दरपत्रक दिलेच पाहिजे, आणि नको असलेली वस्तू गळ्यात बांधता कामा नये. इंग्लंडास हे शहाणपण सुचायला २०२१ उजाडले.

आमच्याकडे नुसती उदासीनताच आहे असेही नाही. मुंबई महापालिका वर्षानुवर्षे दहनासाठी ३०० किलो लाकूड विनामूल्य देत आली आहे; म्हणजे सरणाला माप असू शकते, आणि ते किलोत असू शकते. अशी गोष्ट एका शहरात होते तर दुसऱ्यात का होऊ नये, हा प्रश्न विचारण्यास क्रांती लागत नाही, एक अर्ज लागतो.

राहिला प्रश्न आमच्या स्वतःच्या अंगणातला, आणि तो सगळ्यांत अवघड. दहाव्या-बाराव्याची दक्षिणा आणि दाने. ही श्रद्धेची बाब, हिला दरपत्रक कसले, असे पुरोहितवर्गाचे म्हणणे. आम्हांस ते शंभर टक्के मान्य आहे. संकल्पात 'यथाशक्ति' हा शब्द आहे, आणि तो फार शहाणा शब्द आहे. पण मग आदल्या दिवशी दूरध्वनीवरून जो आकडा सांगितला जातो तो कोणाच्या शक्तीप्रमाणे? श्रद्धा असेल तर रक्कम यजमानावर सोडा. रक्कम तुम्हीच सांगणार असाल तर ती कागदावर लिहून द्या, तीत गोदानाबद्दल किती, शय्यादानाबद्दल किती, ते मांडा. आम्ही आनंदाने देऊ. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा आणि वर यजमानालाच 'शेवटचे कार्य आहे, हात आखडू नका' म्हणायचे, ह्याला वॉच्या दफनभूमीत फार बरी नोकरी मिळाली असती.

देवस्थानांस हिशेब नवा नाही. गोव्यातील महाजनांस तर तो पोर्तुगीज अमदानीपासून पाठ आहे. १९३३ च्या देवस्थान नियमनाखाली अंदाजपत्रक आणि जमाखर्च मांडण्याची शिस्त त्यांच्या अंगी मुरली आहे, आणि पालखीच्या वातीचे तेलही त्यात दिसते. आमच्या गौलीगुड्यातील राममंदिरापासून हनुमान जयंतीची मिरवणूक ताडबंदपर्यंत जाते, तिचा मार्ग आणि वेळ आधी सगळ्या शहरास ठाऊक असते. उत्सवाची पावतीपुस्तके छापतो तो समाज मर्तिकाचे एक पान छापू शकत नाही, असे आम्ही मानीत नाही. पानावर काय असावे? गाडीचा ठरलेला दर व दोन चालकांचे क्रमांक. सामानाची वस्तुवार यादी किमतीसह. लाकूड किती किलो लागते आणि किलोस काय पडते. दाखल्यास शुल्क नाही हे ठळक अक्षरांत. आणि खाली, ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याच्यासोबत जाऊन सगळीकडे पावती मागणाऱ्या दोन कार्यकर्त्यांची नावे. भाव करण्याचे काम मुलाने करू नये, हे आमच्या सज्जन आक्षेपकांचे म्हणणे खरेच आहे. म्हणून ते परक्याने करावे. सुतक नसलेल्या माणसाला लाज वाटत नाही. काटिकापऱ्यास द्यावयाची रक्कमही त्यात असावी, आणि ती आजच्यापेक्षा अधिक असावी.

ही सूचना लेखी स्वरूपात आम्ही विश्वस्तांकडे दिली आहे, आणि येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ती यावी अशी मागणी केली आहे. एका विश्वस्तांचे म्हणणे असे पडले की, विचार ठीक आहे, परंतु देवळाच्या दर्शनी भागी 'मर्तिक' हा शब्द असलेला फलक नको, भक्तांस अशुभ वाटेल. ही हरकत आम्ही मान्य केली आहे. पादत्राणे ठेवतात तेथली भिंत मोकळी आहे; तेथे पाठ फिरवूनच माणूस देवाकडे जातो आणि परतताना तिच्याकडे तोंड करूनच वाकतो. रंगाऱ्याचा खर्च आम्ही देऊ, आणि त्याची पावती घेऊ.